गोचिडीच्या तोंडून पेशीच्या कोठारात

बेंगळुरू शहरातून विमानतळाकडे निघालेली गाडी हेब्बाळच्या पुलापाशी हमखास रखडते. ड्रायव्हर वैतागतो, मागे बसलेला माणूस फोन काढतो, आणि खिडकीबाहेर काय आहे याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. वास्तविक बल्लारी रोडच्या या पट्ट्यात जीवशास्त्राचे दोन अगदी वेगळे संसार शेजारी शेजारी नांदतात. हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जनावरांच्या लशी बनवणारी सरकारी संस्था आहे. तिथे गोचीड हा रोजच्या कामाचा विषय. थोडे पुढे गेले की कृषी विद्यापीठाचा जीकेव्हीके परिसर लागतो आणि त्याच्या आत राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘एनसीबीएस’. पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉलचे रेणू काय करतात, पटलाचा एखादा तुकडा आत कसा ओढला जातो, या प्रश्नांवर तिथे माणसे वर्षानुवर्षे खपली आहेत.

गोचीड चावल्यावर शरीरात शिरणारे काही जिवाणू या दोन्ही संसारांत एकाच वेळी पाय ठेवून आहेत. त्यांना कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही आणि त्याच्यावाचून जगताही येत नाही. मग ज्या पेशीत ते मुक्काम ठोकतात तिच्याच मालावर डल्ला मारतात. तो कसा मारतात, कोणत्या दारातून शिरतात आणि पेशीच्या हिशेबात कशी फिरवाफिरव करतात, हा गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या संशोधनाचा मोठा रंजक भाग आहे. विषय प्रयोगशाळेतला असला तरी त्याची एक बाजू आपल्या गोठ्यात आणि सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याच्या कानामागे आहे, म्हणून ही प्रस्तावना जरा ऐसपैस.

सुरुवात गोचिडीपासूनच. डास बसतो, रक्त ओढतो आणि उडतो. सगळा कारभार काही मिनिटांत आटोपतो. गोचीड मुक्कामाला येते. कठीण पाठीच्या जातीतली गोचीड एकाच जागी कित्येक दिवस चिकटून राहते. तिच्या तोंडाच्या पुढच्या भागावर मागे वळलेले काटे असतात. ते एकदा कातडीत रुतले की सहजी निघत नाहीत. बऱ्याच जाती वरून एक घट्ट होणारा स्राव सोडतात, त्याला शास्त्रज्ञ सिमेंटच म्हणतात. लाळेत रक्त गोठू न देणारी, वेदना बोथट करणारी, शरीराच्या संरक्षणाला थोपवून धरणारी द्रव्ये असतात. म्हणून चावा कळतच नाही. कुत्र्याला कुरवाळताना बोटाला टणक गाठ लागते, आणि ती गाठ नसून रक्ताने टम्म फुगलेली गोचीड आहे हे केस बाजूला केल्यावर उमगते. इतका वेळ एकाच जखमेला तोंड लावून बसणारा प्राणी जंतूंच्या प्रवासाला फार सोयीचा.

मराठी वाचकाला गोचीड आणि ताप ही जोडी माहीत आहे ती ‘माकडताप’ या नावाने. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू वेगळा केला आणि तो गोचिडीतून पसरतो हे दाखवले. पुढे बरीच वर्षे हा रोग कर्नाटकातल्या मोजक्या तालुक्यांपुरता समजला जाई. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला. काजूच्या बागांत पालापाचोळ्यातून वावरणारी माणसे त्यात सापडली. त्यावरची लस हेब्बाळच्या संस्थेतच तयार होत असे. तिचा परिणाम पुरेसा नसल्याने कर्नाटकाने २०२२ मध्ये ती बंद केली.

पण माकडतापाचा जंतू विषाणू आहे. गोचिडीतून येणारे जिवाणू हे दुसरे गणगोत, आणि वर्तमानपत्रांत त्यांना फारशी जागा मिळत नाही. याचे एक कारण असे की ते डॉक्सीसायक्लिनसारख्या जुन्या आणि स्वस्त औषधाला दाद देतात. दुसरे कारण अधिक खरे: त्यांचा संशयच कोणाला येत नाही. ताप आला की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडच्या चाचण्या होतात आणि रिकेटसिया या गोचिडीतून येणाऱ्या जिवाणूंचे नाव शेवटी कधीतरी निघते. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मध्य भारतातल्या मुलांमधल्या रिकेटसियाच्या ठिपक्यांच्या तापासाठी गुणांकनाची एक पद्धत मांडली. तळहात-तळपायांवरचे पुरळ, गोचिडीशी आलेला संबंध, अशा खुणांना गुण द्यायचे आणि बेरजेवरून निदानाचा अंदाज बांधायचा. महागड्या चाचण्या हाताशी नसलेल्या डॉक्टरसाठी केलेले हे काम आहे आणि त्याचे मोल शहरी रुग्णालयांतल्या यंत्रांपेक्षा कमी नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत संशयाला जागाच उरत नाही. ‘टिक फीवर’ हा शब्द पुण्या-मुंबईत काय आणि बेंगळुरूत काय, कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घरात एकदा तरी उच्चारला गेलेला असतो. कुत्रा खाणे टाकतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, प्लेटलेट्स घसरतात, कधी नाकातून रक्त येते. यामागे बरेचदा एर्लिकिया कॅनिस नावाचा जिवाणू असतो. तो पहिल्यांदा ओळखला गेला १९३५ मध्ये अल्जीरियात, आणि जगभर कुप्रसिद्ध झाला व्हिएतनाम युद्धात, जेव्हा अमेरिकी सैन्याचे जर्मन शेफर्ड त्याने पटापट मरू लागले. आपल्याकडचे चित्रही गंभीर आहे. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले मुकुलेश गटणे ज्या संशोधकगटात होते, त्या गटाने मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या पाचशेहून अधिक कुत्र्यांचे रक्त तपासून २०११ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे पाचांतल्या एका कुत्र्याच्या रक्तात एर्लिकिया कॅनिसचा डीएनए सापडला.

हा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा असा आहे. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, गिम्साच्या रंगात बुडवायचा, धुऊन वाळवायचा आणि तेलाच्या भिंगाखाली धीराने सरकवत राहायचे. बहुतेक पांढऱ्या पेशी निर्दोष दिसतात. मग एखादीत केंद्रकाच्या बाजूला निळसर जांभळ्या कणांचा पुंजका दिसतो, तुतीच्या फळासारखा. तो पुंजका म्हणजे पेशीने जणू स्वतःच्या हाताने बांधून दिलेल्या पिशवीत राहणारे जिवाणूंचे कुटुंब. जंतूंना गिळून मारण्यासाठीच जन्मलेल्या पेशीच्या पोटात ते राजरोस वाढत असतात.

त्याच घराण्यातले दोन सदस्य माणसालाही गाठतात. एर्लिकिया शाफेन्सिस मोनोसाइट पेशीत राहतो. अमेरिकेत त्याचा पहिला रुग्ण १९८६ साली आढळला. अ‍ॅनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम न्यूट्रोफिलमध्ये राहतो आणि माणसातला त्याचा आजार १९९०च्या दशकात मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या रुग्णांतून पुढे आला. न्यूट्रोफिल ही आपल्या रक्तातली सर्वांत मारकुटी पेशी, आणि तिचे आयुष्यही अगदी तोकडे. अशा ठिकाणी घर थाटणे म्हणजे शुद्ध धाडस. अ‍ॅनाप्लाझ्मा त्यावर उपाय काढतो: पेशीचे ठरलेले मरण तो लांबणीवर टाकतो.

या दोघांच्या जनुकसंचात एक मोठी उणीव आहे. बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड नावाचे द्रव्य असते आणि आत पेप्टिडोग्लायकनची जाळी. पहिले द्रव्य बनवण्याची जनुके या जिवाणूंनी गमावली आहेत आणि जाळी बनवण्याचीही बरीचशी गमावली आहेत. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या यासुको रिकिहिसा आणि त्यांचे सहकारी मिंगकुन लिन यांनी २००३ मध्ये ही रिकामी जागा कशाने भरली जाते ते दाखवले. यजमानाचे कोलेस्टेरॉल हे जिवाणू स्वतःच्या आवरणात बसवून घेतात. कोलेस्टेरॉल ओढून घेणाऱ्या रसायनाने ते काढून टाकले की जिवाणूंची पेशीत शिरण्याची ताकद संपते. ही तडजोड मोठी हुशारीची म्हणावी लागेल. लायपोपॉलिसॅकराइड ही अशी खूण आहे की जिच्या वासानेही आपली रोगप्रतिकार यंत्रणा खवळते. ती खूण टाकून देऊन यजमानाचाच माल अंगावर चढवला की पहारेकऱ्यांना पटकन ओळख पटत नाही.

आता कोलेस्टेरॉलकडे वळू. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो, लाल शाईतला आकडा येतो आणि तुपाबद्दलची अपराधी भावना येते. बिचाऱ्या रेणूवर हा अन्याय आहे. सत्तावीस कार्बन अणूंचा, चार कड्यांचा हा रेणू आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलाला हवा तेवढा घट्टपणा आणि हवी तेवढी लवचीकता देतो. पित्ताम्ले आणि कितीतरी संप्रेरके त्याच्यापासूनच बनतात. पेशी तो दोन मार्गांनी मिळवते: घरी तयार करून, किंवा रक्तातून फिरणाऱ्या एलडीएलच्या कणांतून. डॅलसमधल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७०च्या दशकात दाखवले की पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारा एक रिसेप्टर असतो. तो कणासकट आत ओढला जातो, लायसोसोममध्ये कण फुटतो आणि कोलेस्टेरॉल मोकळे होते. माल पुरेसा झाला की पेशी घरचे उत्पादनही आवरते आणि रिसेप्टरही कमी करते. या कामाला १९८५चे नोबेल मिळाले. लायसोसोममधून मोकळे झालेले कोलेस्टेरॉल बाहेर काढणाऱ्या प्रथिनाचे नाव एनपीसी१. त्याचे जनुक १९९७ मध्ये सापडले ते नीमन-पिक सी या मुलांच्या जीवघेण्या आजाराचा माग काढताना; त्या आजारात हे प्रथिन बिघडते आणि माल आतच तुंबतो. २०११ मध्ये कळले की इबोलाच्या विषाणूलाही पेशीत घुसायला हेच एनपीसी१ लागते. पेशीच्या ज्या यंत्रणेवाचून तिचे पान हलत नाही, तिथेच जंतू हात घालतात.

बेंगळुरूचा वाटा इथे येतो. सत्यजित मेयर यांनी मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्र शिकून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात पीएचडी केली ती झोपेच्या आजाराच्या परजीवीवर. त्सेत्से माशीतून येणारा हा ट्रिपॅनोसोम अंगावर प्रथिनांचे दाट कवच घालतो, आणि ते कवच त्याच्या पटलाला जीपीआय नावाच्या चरबीच्या नांगराने अडकवलेले असते. मेयर यांनी तो नांगर कसा घडतो हे शोधले. पुढे लक्षात आले की आपल्या पेशींवरही अशी नांगरलेली प्रथिने पुष्कळ आहेत. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ते एनसीबीएसमध्ये आले, आणि ही प्रथिने पटलावर विखुरलेली असतात की घोळक्यांत, हा तेव्हाचा कळीचा वाद त्यांनी हाती घेतला.

वाद सोडवण्याची त्यांची युक्ती सुरेख होती. प्रथिनाला चमकणारा रेणू जोडायचा आणि त्यावर एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश टाकायचा. रेणू एकटा असेल तर परतणारा प्रकाश दिशा बऱ्यापैकी राखतो. शेजारी अगदी जवळ दुसरा चमकणारा रेणू असेल तर ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि दिशा विस्कटते. दिशा किती विस्कटली हे मोजून शेजारी किती जवळ आहे ते कळते, आणि तेही जिवंत पेशीत. रजत वर्मा आणि मेयर यांचा या पद्धतीवरचा लेख १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला: प्रथिने सत्तर नॅनोमीटरहून लहान घोळक्यांत असतात आणि कोलेस्टेरॉल काढून घेतले की घोळके मोडतात. २००४ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ मदन राव आणि इतरांना सोबत घेऊन, याच गटाने आपलेच चित्र आणखी बारीक केले. घोळके खरे तर जेमतेम दोन ते चार रेणूंचे असतात. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर पुन्हा काम करणारी प्रयोगशाळा दुर्मीळ, आणि तिच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवावासा वाटतो तो त्यामुळेच. दरम्यान शेफाली सभारंजक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले होते की ही प्रथिने नेहमीच्या दाराने आत जात नाहीत; त्यांची वाट वेगळी आहे. ही वाट पटलातल्या कोलेस्टेरॉलवर अवलंबून असते हे २००७ मध्ये स्पष्ट झाले.

आता पुन्हा गोचिडीचे जिवाणू. २००३ मध्येच लिन आणि रिकिहिसा यांनी आणखी एक प्रयोग केला. एका एन्झाइमने पेशीवरची जीपीआय-नांगरलेली प्रथिने कापून टाकली आणि मग जिवाणू सोडले. संसर्ग घटला. म्हणजे एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा ज्या दाराने शिरतात ते याच जातीच्या प्रथिनांचे. नेमके कोणते, याचे एक उत्तर दहा वर्षांनी मिळाले. दीपू मोहन कुमार पहिले लेखक असलेल्या २०१३च्या लेखात दाखवले आहे की एर्लिकिया शाफेन्सिस आपल्या ईटीपीई नावाच्या प्रथिनाने पेशीवरच्या डीएनेज-एक्सला धरतो, आणि डीएनेज-एक्स हे जीपीआयने नांगरलेले प्रथिन आहे. ज्या घोळक्यांची मोजदाद जीकेव्हीकेत चालली होती, त्या घोळक्यांच्या जातीचीच ही कडी. पशुवैद्यकाच्या वाटेने निघालेले संशोधन आणि पटलाच्या भौतिकशास्त्राच्या वाटेने निघालेले संशोधन एका रेणूपाशी असे भेटले.

आत शिरल्यावर खरी लूट सुरू होते. चिंगमिंग शिओंग, लिन आणि रिकिहिसा यांचा २००९चा लेख या साऱ्या विषयाचा कणा म्हणावा असा आहे. अ‍ॅनाप्लाझ्मा वाढत असलेल्या मानवी पेशीतले एकूण कोलेस्टेरॉल दुपटीहून जास्त होते. फिलिपिन नावाचे रसायन कोलेस्टेरॉलला चिकटून निळे चमकते. ते टाकले की जिवाणूंच्या पिशव्या पेशीत उजळून दिसतात. हे कोलेस्टेरॉल येते कुठून? पेशीचे घरचे उत्पादन औषधाने बंद केले, जिवाणूंना काही फरक पडला नाही. एलडीएल असलेला पुरवठा काढून घेतला, त्यांची वाढ खुंटली. एलडीएलचा रिसेप्टर प्रतिपिंडाने झाकला, वाढ खुंटली. लायसोसोममधून बाहेर पडण्याची वाट अडवली, तरीही खुंटली. एकेक दार बंद करून चोराची वाट शोधण्याची ही पद्धत जुनीच आहे, पण इथे ती फार नेटकी वापरली गेली.

त्याहून मजेची गोष्ट हिशेबाची. पेशीत माल दुप्पट झाला तर नियमाप्रमाणे रिसेप्टर कमी व्हायला हवेत. ते वाढलेले आढळले. पेशीच्या नेहमीच्या नियंत्रकाला हात न लावता जिवाणूने रिसेप्टरच्या संदेशवाहक आरएनएचे आयुष्य वाढवले होते. मालाची मागणी नोंदवणारी चिठ्ठी फाडलीच जात नाही, म्हणून माल येत राहतो. २०१२ मध्ये शिओंग आणि रिकिहिसा यांनी दाखवले की एनपीसी१ वाहणाऱ्या पुटिका जिवाणूंच्या पिशवीकडे वळवल्या जातात. २०१९ मध्ये त्या वळणावरचे आणखी एक प्रथिन, फ्लोटिलिन, समोर आले. आणि कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी कितीतरी रुग्ण घेतात त्या इझेटिमाइबने पेशींत आणि उंदरांत या जिवाणूला लगाम बसतो हेही दिसले.

इथे वाचकाचा हात औषधाच्या डब्याकडे जाऊ नये. २००७ मध्ये याच प्रयोगशाळेने जास्त कोलेस्टेरॉलचा आहार दिलेल्या, एपीओई जनुक नसलेल्या उंदरांत संसर्ग बळावतो असे नोंदवले होते. त्यावरून ‘तूप खाल्ले की गोचिडीचा ताप’ असे कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले तर आश्चर्य वाटायला नको. ते उंदीर मुद्दाम बिघडवलेल्या चयापचयाचे होते.

आणि सगळेच जिवाणू कोलेस्टेरॉलचे भुकेले नसतात. क्यू फीवरचा कॉक्सिएला बर्नेटी गोचिडीत सापडतो. त्याचा एक प्रसिद्ध वाण १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या माँटानामध्ये गोचिडींतूनच मिळाला होता. माणसाला मात्र तो बहुधा व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या गोठ्यातल्या धुळीतून गाठतो. तोही पेशीच्या पिशवीत राहतो, म्हणून त्यालाही कोलेस्टेरॉल हवेच असणार असा अंदाज होता. स्टेसी गिल्क यांच्या प्रयोगशाळेतून २०१७ मध्ये आलेल्या लेखाने तो उलटा ठरवला. त्याच्या पहिल्या लेखिका मीनल मुळ्ये, सोबत धृतिमान सामंता आणि इतर. कोलेस्टेरॉल स्वतः बनवू न शकणाऱ्या पेशी घेऊन त्यांनी बाहेरून मोजून कोलेस्टेरॉल दिले. पिशवीत ते साचले की आतली आम्लता वाढते आणि कॉक्सिएला विरघळून जातो. एकाचे अन्न ते दुसऱ्याचे विष.

मग प्रश्न उरतो की डॉक्सीसायक्लिन असताना एवढा खटाटोप कशाला? व्यवहारातले उत्तर असे की एर्लिकिया झालेल्या कुत्र्याला ते साधारण २८ दिवस द्यावे लागते, मालक दहाव्या दिवशी कुत्रा खेळायला लागला की ते थांबवतात, आणि या जिवाणूवर बाजारात लस नाही. २०१३च्या त्या लेखात ईटीपीईच्या टोकाचा तुकडा टोचलेल्या उंदरांना एर्लिकिया शाफेन्सिसपासून संरक्षण मिळाले होते. दाराची कडी कोणती हे आधी माहीत होते म्हणूनच तो प्रयोग सुचू शकला. कुत्र्यातल्या भावंडासाठी असे काही करायचे तर गोचिडी गोळा करणारे हात, आजारी कुत्र्यांचे रक्त साठवणारे फ्रीजर आणि पटलावरचे चार रेणू मोजणारी भिंगे, तिन्ही लागतील. बल्लारी रोडवर ही तिन्ही आहेत.